पुसलेली फाइल आणि धाकटी जाऊ

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (परवा कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगं टेकवली आहेत. उरलेली चार कंबर सुटली की समक्ष टेकवीन.) इकडे सर्व क्षेम आहे, निदान शेजाऱ्यांना विचारलंस तर ते तसंच सांगतील. तुझे डोळे कसे आहेत? डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला, आता काढायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, हे मला कळलं. पण ते तुझ्या पत्रातून नाही कळलं. स्वयंपाकघरात कपबशा विसळताना धाकटी सहज बोलून गेली, तेव्हा कळलं. म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीच्या डोळ्याची बातमी मला माझ्या जावेने द्यावी! असो. मी मनाला लावून घेत नाही.

तुझं पत्र मिळालं. पहिलीच ओळ, ‘धाकटी कशी आहे?’ मग धाकटीच्या हातच्या चहाची आठवण, मग धाकटीच्या नोकरीची चौकशी, मग जावईबापू, मग तुमच्याकडची हवा, मग सही. आणि सहीच्या खाली, कागद संपत आला होता तिथे, अक्षर बारीक करून, ‘ता. क. तुझी जळजळ कशी आहे?’ मावशी, मी तुझी भाची. धाकटी तुझी कोण? भाचीच्या नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको. हे नातं सांगता सांगता माणसाला धाप लागते, आणि पहिली ओळ तिला! जळजळीचं शेवटी लिहिते. आधी ऑफिसात जे घडलं ते सांगते, कारण ते तुझ्या कानावर येणारच आहे, आणि कोणाच्या तोंडून येणार तेही मला ठाऊक आहे.

पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं तू लष्करी नजरेने वाचशील. नोकरी लागली तेव्हा ‘मी कर्नलवर काम करते’ असं मी तुला सांगितलं होतं. तू त्याचं ‘कर्नलच्या हाताखाली’ केलंस. तेव्हापासून तुझ्या गल्लीत तुझी भाची सैन्यात आहे, आणि दर पत्रात तू साहेबांच्या गुडघ्याची चौकशी करतेस. (हा गुडघा कुठून आला ते मला अजून उलगडलेलं नाही. लढाईत काहीतरी लागायलाच हवं, म्हणून तू गुडघा निवडला असशील.) तर मावशी, आमचा कर्नल माणूस नाही, त्यामुळे त्याला गुडघाही नाही. संगणकात एका वेळी पुष्कळ प्रोग्रॅम चालू असतात. त्या सगळ्यांच्या वर एक प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात. किल्ल्या कमरेला खोचून बसलेली जुनी सासू डोळ्यापुढे आण. कोणाला किती जागा द्यायची, कोणी कुठली फाइल उघडायची, कोणाला हाकलायचं, सगळं तिच्या हातात, आणि तिला विचारल्याशिवाय कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. आमची कंपनी असा कर्नल तयार करते. त्यात जागेचं बघणारा जो मेमरी विभाग आहे, त्यात मी पहिल्यापासून आहे आणि धाकटी दोन वर्षांपूर्वी आली. ती माझ्याच शिफारशीने आली. (हे लिहिताना पेन अडखळलं, ते शाई संपत आल्यामुळे.)

धाकटीबद्दल मी कधी वाईट बोलत नाही, हे तुला माहीत आहे. मी फक्त जे दिसतं ते सांगते. तिचा भात मोकळा होतो आणि माझा गोळा होतो, तांदूळ मात्र एकाच डब्यातला. गॅलरीत आमच्या दोघींच्या कुंड्या शेजारी शेजारी आहेत, ऊन एकच, पाणी एकच, आणि फुलं फक्त तिच्या कुंडीला. माझ्या कुंडीत तिच्या कुंडीतलं वाकून आलेलं एक फूल पडलं होतं, तेवढंच. ऑफिसात माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली की लोक ‘अरेरे’ म्हणतात, आणि तिच्यात निघाली की ‘चूकसुद्धा किती हुशारीची आहे बघा’ म्हणतात. बरं, भांडावं म्हटलं तर ती भांडतही नाही. मी फणकाऱ्याने काही बोलले की ‘हो ना वहिनी’ म्हणते, आणि मग आपल्यालाच आपलं बोलणं परत ऐकू येत राहतं. जावाजावांनी भांडायचं असतं, ही जगाची रीत आहे, आणि ती माझ्या एकटीने कशी चालवायची? टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. मी प्रयत्न करून पाहिला, खरंच वाजत नाही.

अशात आमच्या विभागप्रमुखांचं नोकरी सोडून मुलीकडे राहायला जायचं ठरलं. त्यांची खुर्ची खिडकीजवळ आहे, तिची पाठ मागे झुकते, आणि त्या खोलीला दार आहे. (बाकी आम्हां सगळ्यांना नुसते पाठीएवढे आडोसे.) मावशी, ती खुर्ची मला हवी होती. उगाच कशाला लपवू? घरात मी थोरली, पण थोरलेपणाच्या वाट्याला येतं काय, तर गॅस संपला की नंबर लावणं. म्हटलं, निदान ऑफिसात तरी एक जागा अशी असावी की जिथे ‘धाकटी कुठे आहे?’ असं विचारायला आलेल्या माणसाला आधी माझ्या दारावर टकटक करावी लागेल. निर्णय मोठ्या साहेबांच्या हातात. त्यांना आम्ही पाठीमागे ‘बघूया साहेब’ म्हणतो, कारण रजा मागा, पगारवाढ मागा, नाहीतर पंखा दुरुस्त करून मागा, त्यांचं उत्तर एकच, ‘बघू या.’ पंखा अजून बंद आहे. पण या वेळी ते चक्क म्हणाले की तुम्ही दोघीही लायक आहात, तेव्हा जिचं पुढचं काम सरस ठरेल तिचा विचार करू. दोघीही! म्हणजे इतकी वर्षं मी आणि दोन वर्षं ती, याची बेरीज करून त्यांनी दोनाने भागलं.

तर माझं काम काय होतं ते नीट ऐक, कारण पुढची सगळी फजिती त्यात आहे. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्या भिंतीत झडपेची खिडकी आहे ना, जिच्यातून तू मला पलंगावर पडल्या पडल्या चहा दिला होतास, ती? ती उघडली की स्वयंपाकघर जणू माझ्या खोलीतच आलं. काही उचलून आणावं लागत नाही, हात घातला की डबा. प्रोग्रॅमसुद्धा तसंच करतात. मोठी फाइल उचलून आपल्याकडे आणण्यापेक्षा कर्नलकडून तिच्यावर एक खिडकी पाडून घेतात, आणि फाइल आपल्याच खोलीत असल्यासारखं वागतात. एकाच फाइलवर दहाजणांच्या खिडक्या असू शकतात. आता गंमत अशी की फाइल पुसली, म्हणजे तिच्या दारावरची नावाची पाटी तेवढी निघते. ज्याची खिडकी उघडी आहे त्याला ती आतून दिसतच राहते. शेवटची खिडकी बंद होईपर्यंत ती खरी जात नाही. त्यामुळे गिऱ्हाइकं ओरडत असतात की एवढं सगळं पुसलं तरी जागा रिकामी होत नाही. कशी होणार? कोणीतरी धरून बसलेलं असतं.

कोण काय धरून बसलं आहे याची यादी कर्नल आधीपासून देत होता. त्यात फाइलचं नाव असतं, आणि ती पुसलेली असेल तर नावापुढे कंसात शेरा असतो, (पुसलेली). (माझ्यासारखाच आहे तो. महत्त्वाचं ते कंसात लिहितो.) पण नुसत्या नावाचा उपयोग काय? पाटीच काढल्यावर त्या नावाने फाइल उघडणार कशी? म्हणून मी असं केलं की प्रत्येक चालू प्रोग्रॅमचं एक कपाट दिसेल, त्या कपाटात त्याच्या प्रत्येक खिडकीसाठी एक मूठ असेल, आणि मूठ ओढली की मागची खरी फाइल उघडेल, मग ती पुसलेली का असेना. सांगायला सोपं वाटतं. पण चालू प्रोग्रॅम क्षणोक्षणी खिडक्या पाडतो आणि बुजवतो, तेव्हा आपण मुठीला हात घालेपर्यंत मागची खिडकीच नाहीशी झाली तर कर्नलच कोसळतो. तो कितीदा कोसळला ते विचारू नकोस. त्या महिन्यांत माझा भात गोळासुद्धा होत नव्हता, करपत होता. पण झालं. सुरेख झालं. मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगितलं ते धाकटीनेच, आणि ते मला चाललं नाही.

आमच्याकडे कोणाचंही काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय कर्नलमध्ये जात नाही. माझं काम तपासायला कोणाकडे गेलं असेल? तिने अभिप्राय दिला: ‘काम सुरेख आहे. फक्त दुसऱ्याच्या खिडकीतून कोणीही डोकावू नये. मूठ ओढणाऱ्याला तसा हक्क आहे का, हे कर्नलने आधी तपासावं.’ बस, एवढंच. पण मावशी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्याच्या आदल्याच रविवारी मी झडपेपाशी उभी असताना (उभी होते, डोकावत नव्हते, झडप जराशी उघडी होती आणि माझा डोळा तिथे होता) धाकटी स्वयंपाकघरात फोनवर तुझ्याशी बोलत होती. फोनच्या पडद्यावर तू होतीस. तुझ्या हातात निळा मफलर होता, अर्धा विणलेला, आणि तू तिला विचारत होतीस, ‘रंग आवडला का गं?’ तेवढ्यात धाकटीने मान वळवली. तिने मला पाहिलं की नाही कोण जाणे. पाहिलं असतं तरी ती ‘हो ना वहिनी’च म्हणाली असती. आणि लगेच हा अभिप्राय! लेकी बोले सुने लागे, हे मला कळत नाही की काय? मी बाणेदारपणे उत्तर लिहिलं की हक्काची तपासणी मागाहून घालता येईल, प्रात्यक्षिकापुरती तिची गरज नाही. यावर तिने काय लिहिलं असेल? ‘ठीक आहे वहिनी.’

आता मधली एक गोष्ट मला लिहावीच लागणार, तेव्हा तू डोळ्यांवर पदर घेऊन वाच. प्रात्यक्षिकाच्या दिवशी दुपारी मी ऑफिसातल्या फोनच्या खोलीत जाऊन एक भाषण ध्वनिमुद्रित केलं. निवड झाल्यावर करायचं भाषण. आयत्या वेळी तारांबळ नको म्हणून, दुसरं काही नाही. मग जागेवर येऊन, कानात बोंडं घालून ते ऐकलं आणि माझी मलाच लाज वाटली. लगेच पुसून टाकलं. तू मला लहानपणी शिकवलंस तसंच, सांडलं की तिथल्या तिथे पुसायचं. फक्त ते ऐकवणारा प्रोग्रॅम मी बंद केला नाही. तो पडद्याच्या कोपऱ्यात बारीक होऊन बसला होता, आणि मी त्याला विसरले. आणि आमच्या ऑफिसात सगळ्यांचे सगळे प्रोग्रॅम तळमजल्यावरच्या एकाच मोठ्या यंत्रावर चालतात. (आता तुझ्या लक्षात आलं असेल. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तेव्हा माझ्या नाही आलं.)

प्रात्यक्षिकाला सगळं ऑफिस सभागृहात जमलं होतं. भिंतभर पडदा, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. मी खिडक्या, मुठी, कपाटं सगळं समजावून सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग ऐटीत म्हटलं, या क्षणी आपल्या यंत्रावर कोणकोणत्या पुसलेल्या फाइली कोणीकोणी धरून ठेवल्या आहेत, ते पाहू. पडद्यावर एकच ओळ उमटली. आधी माझं नाव, मग ऐकवणाऱ्या प्रोग्रॅमचं, मग फाइलचं: ‘निवडीनंतरचं-भाषण-शेवटचं-नक्की’, आणि पुढे कंसात (पुसलेली). सभागृहात कोणीतरी खोकलं. मी घाईघाईने म्हटलं की हे उदाहरण तितकंसं चांगलं नाही, दुसरं घेऊ. आणि मावशी, ज्या माणसाने आयुष्यात कधी काही बघितलं नाही, तो माणूस खुर्चीतून उठला, ‘बघू या’ म्हणाला, आणि त्याने मूठ ओढली.

कर्नलने कोणाला काही विचारलं नाही, कारण विचारायचं नाही असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. आधी घसा खाकरण्याचा आवाज आला, मग मी बोलू लागले. आदरणीय साहेब आणि सहकाऱ्यांनो, या खुर्चीची मला स्वप्नातही अपेक्षा नव्हती. (इथे स्पीकरमधून माझाच आवाज हळूच म्हणाला, ‘टाळ्या. थांबायचं.’) मग मी कंपनीचे आभार मानले. मग म्हणाले, ‘इथे आवंढा गिळायचा’, आणि गिळला. तो माणसाएवढ्या स्पीकरमधून गिळला गेला, दोन्ही बाजूंनी. मग धाकटीचा विषय निघाला. माझी धाकटी जाऊही याच विभागात आहे, ती हुशार आहे, पण हुशारी वेगळी आणि पोच वेगळी, ती मी तिला हळूहळू शिकवीन. ‘नाही, परत. गोड आवाजात.’ मग तेच परत, गोड आवाजात.

मी धावत जागेवर जाऊन माझा कोपऱ्यातला प्रोग्रॅम बंद करून आले. आवाज चालूच! म्हटलं, मेलं हे भुताटकीचं काय? आणि मग मला माझंच संशोधन आठवलं. साहेबांनी मूठ ओढली तेव्हा सभागृहातल्या प्रोग्रॅमनेही त्याच फाइलवर आपली खिडकी पाडली होती. मी सोडलं, तरी आता ते धरून बसलं होतं. सभागृहातल्या प्रोग्रॅमची सूत्रं साहेबांच्या हातात, आणि साहेब गोड आवाज लक्षपूर्वक ऐकत होते. सबंध कर्नल पाठ असलेली बाई मी, पण साहेबांच्या मागे नुसत्या येरझारा घालू लागले. तेवढ्यात धाकटी उठली. तिने कर्नलला हातसुद्धा लावला नाही. सरळ भिंतीपाशी गेली आणि स्पीकरची वायर उपटली. मग सभागृहाकडे वळून, जणू काही हे आधीच ठरलं होतं अशा सुरात म्हणाली, ‘पुसलेली फाइलसुद्धा पूर्ण उघडते, हे आपण ऐकलंच. वहिनींचं काम चोख आहे.’ आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी घरी ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी वाट पाहिली. चहाच्या वेळी पाहिली, जेवताना पाहिली, भांडी लावताना मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ती एक शब्द टोचून बोलली असती तर मी चार बोलले असते, मग रडले असते, मग आम्ही दोघी मोकळ्या झालो असतो. तिने फक्त विचारलं, ‘वहिनी, भाताला पाणी किती घालू?’ तिने, मला! आमचे हे आडवे पडून म्हणाले, ‘भाषण बरं झालं म्हणे,’ आणि कूस बदलली. भाऊजी दोन दिवस माझ्यासमोर आले की आवंढा गिळत होते. त्यांना मी काही म्हणत नाही, ते पहिल्यापासून वाह्यात आहेत.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि खुर्ची मला दिली. हो, मला! आता तू म्हणशील, मग रडतेस कशाला? सांगते. साहेब म्हणाले की माझा निर्णय होत नव्हता, तेव्हा धाकट्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या की खुर्ची वहिनींनाच द्या. ‘जिच्या कामातून ती स्वतःसुद्धा सुटली नाही, तिच्या कामावर शंका कशी घ्यायची?’ असं म्हणाल्या. झालं! माझं नाव जाहीर झालं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि हे सांगितल्यावर त्याच्या दुप्पट पडल्या. जो तो म्हणतो, धाकटीचं मन किती मोठं! मी तिला शिफारस करून नोकरीला लावलं तेव्हा माझ्या मनाचं माप कोणी घेतलं नव्हतं. आता मी त्या झुकणाऱ्या खुर्चीत बसते, आणि ती मला धाकटीकडून उसनी आणल्यासारखी वाटते. थोरलेपणसुद्धा तिनेच द्यावं, याला काय म्हणायचं?

आणि त्या दिवशी मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी आभार मानायला तोंड उघडलं, समोर धाकटी बसली होती, आणि माझा घसा खरोखर दाटून आला. देवाशप्पथ खरा. मी आवंढा गिळला, आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. मागून कोणीतरी ‘परत, गोड आवाजात’ असंही म्हणालं. सबंध सभागृहात एकटी धाकटी हसली नाही. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. तेही तिला माझ्यापेक्षा शोभत होतं.

हक्काची तपासणी मी आता कर्नलमध्ये घातली आहे. ज्याला हक्क नाही त्याने मूठ ओढली तर कर्नल सरळ नाही म्हणतो. आमच्याकडे प्रत्येक कामाखाली ते कोणी केलं आणि कोणी सुचवलं अशी नोंद करतात, आणि ती कधीच काढता येत नाही. तेव्हा माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या कामाखाली माझं नाव आहे, आणि माझ्या नावाखाली धाकटीचं. पुढे शंभर वर्षांनी कोणी पाहिलं तरी आम्ही दोघी तिथे एकीखाली एक अशा बसलेल्या असू. निदान तिथे तरी मी वर आहे.

थोडक्यात, इकडचं सगळं ठीक आहे. डोळ्यांना जप, ऑपरेशन होईपर्यंत विणकाम करू नकोस. (विशेषतः निळ्या रंगाचं.) जावईबापू नमस्कार सांगतात.

तुझी,
पहिली आणि एकुलती एक भाची

ता. क. ऑपरेशननंतर तू आमच्याकडे राहायला येणार, आणि धाकटीने तुला तिच्या खोलीत ये म्हणून सांगितलं आहे, हे मला झडपेतून कळलं. तिच्या खोलीत उजेड छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना उजेड वाईट असतो. माझ्या खोलीत दिवसासुद्धा नीट काही दिसत नाही, तेव्हा तू माझ्याच खोलीत राहा. ह्यांना मी बाहेर झोपायला सांगितलं आहे. झडपेची बिजागरी सैल झाली होती, तीही बसवून घेतली आहे. तू पलंगावर पडून राहा, मी पलीकडून चहा देईन.

ता. क. २. आई गेल्यावर तू मला आणलंस, तेव्हा त्या घरात तुझ्या मांडीवर दुसरं कोणी नव्हतं. मला सवय तीच लागली. खुर्चीचं काय, खुर्च्या दुकानातही मिळतात. पुढच्या पत्रात पहिली ओळ मला लिही. दुसरीपासून तिचं लिहिलंस तरी मी काही म्हणणार नाही.

ता. क. ३. मफलर तिला दे, विणलाच आहेस तर. पण मला विणशील तो चार बोटं लांब असू दे.

ता. क. ४. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नकोस. माझ्या पेनातली शाई अखेर संपली, म्हणून पत्ता धाकटीने लिहिला आहे. तिचं अक्षर चांगलं आहे. पत्र पेटीत टाकायलाही तीच नेणार आहे. पाकीट चिकटवताना ती म्हणाली, ‘वहिनी, मावशींना सांगा, तुमच्या खोलीत राहणंच बरं. माझ्या खोलीत उजेड फार येतो.’ हे तिने पत्र वाचून म्हटलं की न वाचता, याचा मी परवापासून विचार करते आहे. (पाकीट दोनदा उघडून हे तिच्याच पेनाने लिहिलं.)

ता. क. ५. ‘खरं ते माणूस ताजा कलमात लिहितो,’ असं तू लहानपणी म्हणायचीस, ते आज आठवलं. म्हणून तुझ्या ताजा कलमाचं उत्तर: डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, तिखट बंद केलं, आणि धाकटीशी मी आता अगदी बहिणीसारखी वागते. तेव्हा माझी जळजळ आता साफ गेली आहे (पुसलेली).